प्लॉट एक, जमीन एक

उजव्या पायाची टाच फरशीवर दोनदा आपटायची, खुर्चीत मागे रेलायचं, समोरच्यांकडे डोळे बारीक करून बघायचं आणि म्हणायचं, "प्लॉट एक, सातबारा एक, जमीन एक. मंग भानगड कसली?" आमच्या चेअरमनची ही रीत होती. पाणी कमी दाबाने येतं म्हणा, पार्किंगमध्ये ओल येते म्हणा, गच्चीला तडा गेला म्हणा. आधी टाच, मग हे वाक्य. सोसायटीचं ऑफिस ए विंगच्या तळमजल्यावर होतं, त्यामुळे टाचेचा आवाज खणखणीत यायचा. आमच्या सी विंगखाली त्याने टाच आपटली असती तर फरशीच डुगडुगली असती. पण सी विंगखाली त्याने कधी सभा घेतलीच नाही.

हा माणूस मला आवडत नव्हता, आणि हे मी आधीच सांगून टाकते. एखाद्या माणसाबद्दल लिहायला बसलं की त्याच्या वाईटातून चांगलं शोधून काढायचं, अशी एक पद्धत आहे. मी त्या फंदात पडणार नाही. तुमच्याही सोसायटीत असा एक नमुना असणारच. त्याला डोळ्यांसमोर आणा, म्हणजे माझं अर्धं काम होईल.

उरलेलं अर्धं असं. उंचीने बेताचा, रुंदीला भरपूर. दिवसभर अंगात बाह्यांचं बनियन आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी. सभेच्या दिवशी त्याच चड्डीवर इस्त्रीचा पांढरा शर्ट. टेबलामागे बसला की नुसता शर्ट दिसायचा आणि माणूस मोठा अधिकारी वाटायचा. उठून उभा राहिला की अधिकार कमरेपाशी संपायचा.

आमची सोसायटी जूचंद्रच्या वेशीबाहेर, नायगावच्या बाजूला. जमीन मूळ त्याच्या घराण्याची. पूर्वी त्यांची भातशेती होती, खाडीच्या अंगाला मिठागर होतं. मग बिल्डर आला, जमीन घेतली आणि मोबदल्यात या लोकांना फ्लॅट दिले. ते सगळे फ्लॅट ए विंगमध्ये. त्याचा, त्याच्या दोन्ही मुलांचा, भावाचा, विधवा आत्याचा. "आमचा देव पूर्वेला, म्हनून पूर्वेची विंग," असं तो सांगायचा. कोणाच्या देवाबद्दल आपण काय बोलणार? आम्हीही कधी काही बोललो नाही.

आणि जमीन घराण्याची म्हणून चेअरमनपदही घराण्याचं. निवडणूक व्हायची, पण ती आपण लग्नात 'मुलगी पसंत आहे का' असं विचारतो तशी, मांडव घातल्यानंतर.

मी सेक्रेटरी कशी झाले तेही सांगते. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून मी एका सभेला गेले नाही. जो हजर नसतो त्याला सेक्रेटरी करायचं, हा आमच्याकडचा अलिखित कायदा आहे. नवरा वापीला नोकरीला, शनिवारी येणार, सोमवारी पहाटे जाणार. घरात मी आणि सासूबाई. त्यांचं उजवं अंग पक्षाघाताने गेलेलं. आम्ही चौथ्या मजल्यावर.

चेअरमनशी माझं पहिलं भांडण सुक्या मासळीवरून झालं. एक दिवस गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर सबंध गच्चीभर बोंबील आणि सुकट. त्याच्या घरचं. मासळीला माझी ना नाही, मी कोकणातली आहे, सुकटीशिवाय आमचं पान हलत नाही. पण ए विंगमध्ये राहणाऱ्या माणसाने सी विंगच्या गच्चीवर मासळी का वाळवावी? मी विचारलं.

"तिकडं वारा चांगला लागतो, बाय."

"तुमच्या गच्चीवर वारा नाही?"

"आमच्या गच्चीच्या खाली आमी ऱ्हातो ना. वास येतो."

इतकं निर्लज्ज उत्तर इतक्या गोड आवाजात मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

दुसरं भांडण पाण्याचं. भरतीची वेळ आणि वरून पाऊस असा योग जुळून आला की सी विंगच्या पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचायचं. स्कूटरी बाजूला काढायच्या, मीटरच्या खोलीला कुलूप लावायचं, आणि पाणी उतरायची वाट बघायची. एकदा ते उतरेचना. प्लंबर आला, डोकं खाजवून गेला. तेव्हा चेअरमन फावडं घेऊन आला, चड्डी आणखी वर खोचली, कंपाउंडच्या भिंतीच्या एका कोपऱ्यात सरळ गेला आणि खणायला लागला. थोडं खणल्यावर जुन्या दगडी मोरीचं तोंड उघडं पडलं आणि पाणी घळाघळा खाडीकडे निघालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी विचारलं, "इथे मोरी आहे हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"नशीब," तो म्हणाला आणि चिखलाचे पाय आमच्याच जिन्याच्या पायरीला पुसून निघून गेला.

मग लाटण्याची गोष्ट. आमच्या ओट्यावर लाटणं ठेवलं की ते सावकाश खाडीकडच्या भिंतीला जाऊन टेकायचं. आधी मला वाटलं ओटा वाकडा. मग देवघरासमोर तेल सांडलं, तेही त्याच बाजूला वाहत गेलं. मग शेजारच्या घरात, खालच्या घरात, सगळीकडे तीच दिशा. सी विंग खाडीकडे कललेली होती. फार नाही, डोळ्यांना दिसणार नाही इतकी. पण लाटण्याला कळत होतं.

मी सभेत विषय मांडला. टाच आपटली गेली. "लाटनं गोल असतं, बाय. गोल वस्तू लोळनारच." सभा हसली. मला आजही त्या हसण्याचा राग येतो. हसणाऱ्यांत आमच्या सी विंगचेही होते.

हे सगळं चाललं होतं तोवर ते सोसायटीचं नेहमीचं रडगाणं होतं. धक्का आला आणि त्याचं नाव बदललं.

डहाणू-तलासरीच्या बाजूला जमीन हलते हे आपल्या जिल्ह्यात कोणाला नवीन नाही. आमच्यापर्यंत ते बातमीतूनच यायचं. त्या दिवशी दुपारी मी सासूबाईंना भरवत होते. आधी वाटलं खाली ट्रक आला. मग पंखा बंद असूनही डोलायला लागला. फळीवरचे डबे एकमेकांवर आपटू लागले. माझ्या हातातली पेज वाटीत या कडेपासून त्या कडेपर्यंत हलली. धक्का म्हणतात त्याला, पण धक्का एक झटका देऊन संपतो. हे झोपाळ्यासारखं होतं. थांबलं असं वाटावं आणि पुन्हा यावं.

जिन्यात पळापळ सुरू झाली. दारं आपटली, कोणी मुलांची नावं घेत होतं, कोणी देवाचं. शेजारीण दारातून ओरडली, "वहिनी, चला खाली!" लिफ्ट वापरायची नाही. सासूबाईंना उचलून चार मजले उतरवणं मला एकटीला शक्य नव्हतं.

"तू जा," सासूबाई म्हणाल्या. त्यांची जीभ जड झाली होती, पण हे शब्द स्पष्ट आले. "मला काय होतंय? जा तू."

मी गेले नाही. मी शूर आहे असं समजू नका. मलाही पळायचंच होतं. पण त्यांनी चांगल्या हाताने माझा पदर धरला होता आणि तोंडाने मात्र जा म्हणत होत्या. अशा वेळी माणसाने तोंडाचं ऐकायचं की हाताचं?

थांबल्यावर मी गॅलरीतून पाहिलं. आमची विंग सबंध कंपाउंडमध्ये, पांढऱ्याफटक चेहऱ्यांनी. ए विंगचे लोक आपापल्या खिडक्यांत उभे राहून काय झालं म्हणून विचारत होते. चेअरमन बनियनवर खाली आला आणि हसत म्हणाला, "आमच्याकडं तर चायसुदिक हालली नाय! तुमाला काय सपान पडलं का सगल्यांना एकदम?"

आमच्या भिंतींना खांबांलगत उभ्या भेगा पडल्या होत्या. पार्किंगमधल्या दोन खांबांच्या माथ्यावर केसाएवढ्या रेघा. ए विंगमध्ये काही नाही. एकाच आवारात, एकाच बिल्डरने, एकाच सिमेंटने बांधलेल्या इमारती.

सभा झाली. मी तज्ज्ञ बोलावू म्हटलं. चेअरमन उठला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "या सेक्रेटरी मॅडम. यांना विचारा, त्या दिवशी त्या खाली उतरल्या का? नाय उतरल्या. सगली विंग उतरली, या सोता वरती बसल्या. का? त्यांनाबी ठाऊक हाय, काय होत नाय."

मी का उतरले नाही हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. त्याची आत्या दर दोन-चार दिवसांनी माझ्या सासूबाईंपाशी येऊन बसायची. तरी त्याने ते पुरावा म्हणून वापरलं. माणसं वाईट असतात, आपण चालवून घेतो. पण माझ्या सासूच्या लुळ्या पायाचा त्याने साक्षीदार केला, त्या दिवसापासून मी त्याच्याशी सोसायटीच्या कामापलीकडे एक अक्षर बोलले नाही.

तज्ज्ञ मी माझ्या जबाबदारीवर बोलावली. विरारची मुलगी, इमारतींची मजबुती तपासायचं तिचं काम. ओळंबा सोडून तिने विंगचा कल मोजला. चेअरमन पाठीमागे हात बांधून बघत होता. "ओलंबा वाऱ्यानं हालतोय," म्हणाला. ती म्हणाली, "वारा पडलाय, काका." तो म्हणाला, "खाडीचा वारा दिसत नाय."

नंतर ती माझ्या स्वयंपाकघरात चहा प्यायला बसली. मी विचारलं, "धक्का एकच होता ना? मग त्यांचा चहा हलला नाही आणि माझी पेज हिंदकळली, असं कसं?"

"तुम्ही वसईच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत पाय थापटलेत कधी?"

"थापटलेत की."

"काय होतं?"

"पाणी वर येतं. पाय रुततो."

"बस. ए विंगखाली डोंगराचा मुरूम लागतो. कडक जमीन. धक्का येतो आणि निघून जातो. तुमच्याखाली खाडीचा गाळ आहे, त्यावर भराव टाकलाय, आणि त्यात पाणी मुरलेलं. अशा मऊ जमिनीत तोच धक्का मोठा होतो आणि जास्त वेळ घुमत राहतो. त्यात जमिनीचा डुलायचा वेग आणि इमारतीचा डुलायचा वेग जुळला तर विचारूच नका. पाण्याने भरलेली माती जोरात हलली तर भार पेलणंच सोडून देते. वर तुमच्याकडे तळाला नुसते खांब, भिंती नाहीत."

"ताटात ठेवलेली वाटी आणि खिरीत ठेवलेली वाटी," मी म्हटलं.

ती हसली. "तसंच. हा धक्का लहान होता, काकू. जवळ कुठे मोठा आला तर असं हसत बोलता येणार नाही. जमीन आता बदलता येणार नाही. पण खांबांना सळया बांधून काँक्रीटचं जाड आवरण देता येईल, पार्किंगमध्ये मोजक्या ठिकाणी भिंती घालता येतील, पायाखालची माती सिमेंट सोडून आवळता येईल. एवढं करा. आणि लवकर करा."

जाताना तिने सासूबाईंच्या खोलीत डोकावून नमस्कार केला. मग जिन्यात थांबून हळूच विचारलं, "यांना खाली न्यायची काही सोय आहे?" मी नकारार्थी मान हलवली. मला आता खांब पक्के करून हवे होते ते एवढ्यासाठी. सगळे पळू शकत होते. एक बाई पळू शकत नव्हती, आणि तिच्यामुळे मी पळणार नव्हते. त्यामुळे इमारत उभी राहणं हीच आमची सोय होती.

त्यानंतरच्या आठवड्यात चेअरमनची आत्या आली. पंच्याहत्तरी उलटलेली, कासोटा घातलेली, तोंडात एकही दात नसलेली बाई. सासूबाईंचे पाय चेपत बसली. मी सहज म्हटलं, "आत्या, तुमची सगळी घरं ए विंगमध्ये, तुम्हाला काही कळलंच नसेल त्या दिवशी."

"आमाला कसा कलंल? आमची जागा टेपाची, उंचावरची. तुमचे हिकरं पानी होता ना, बाय. भरतीचा पानी यायचा. माजा बापूस हिकरं बैल नाय घालायचा, रुतायचा बैल."

मी तिच्याजवळ सरकले.

"मग फ्लॅट घेताना तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"ठाऊक कसा नाय? माज्या भाच्यानं चारी कोनाला खड्डं खनलं होतं ना. आमच्यात घर बांधाच्या पयले करतात. हातभर खड्डा खनाचा, तीच माती परत भराची. माती उरली तर जागा भली. कमी परली तर तयं घर नाय बांधाचा. पूर्वेला माती उरली. हिकरं भरता भरता सरली, खड्डा आर्धा रिकामा. म्हनून आमी पूर्वेला." आणि निरागसपणे वर म्हणाली, "हुशार हाय तो."

हुशार! मी त्या रात्री जेवले नाही. ज्या माणसाने मला ओळंबा वाऱ्याने हलतो म्हणून सांगितलं, लाटणं गोल असतं म्हणून सांगितलं, त्याने पाया खणायच्या आधीच हाताने माती चाचपून पाहिली होती. कडक जमीन पोरांना आणि भावाला. देवाची दिशा म्हणे!

पुढच्या सभेत मी उभी राहिले आणि सर्वांसमोर सरळ विचारलं, "बिल्डिंग बांधायच्या आधी तुम्ही चारी कोपऱ्यांत खड्डे खणून माती भरून पाहिली होती का?"

मला वाटलं हा आता नाही म्हणेल, चिडेल, आत्याला वेडी ठरवेल. मी या सगळ्याची उत्तरं तयार ठेवली होती. तो मात्र जराही चपापला नाही.

"खनले," तो म्हणाला. "मंग? माज्या पोरांची घरं होती. तुमी पन खनायचे होते."

अहो, आपण काय पाहतो घर घेताना? टाइल्स कुठल्या, मॉड्युलर किचन आहे का, स्टेशनला रिक्षा मिळते का. खालची माती कोण पाहतं? पण म्हणून काय झालं? खड्ड्यात पडणाऱ्याने आधी वाकून बघायला हवं होतं, हे खड्डा माहीत असलेल्याने म्हणायचं?

"म्हणजे जमीन एक नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"तवा नव्हती. मंग बिल्डरनं भराव घातला, रोलर फिरवला. आता सगली एक." आणि टाच.

"एक आहे ना? मग दुरुस्तीचा खर्चही सगळ्यांनी मिळून करू."

"तो कसा? सी विंगच्या भेगा, सी विंगचा खर्च."

जमीन एक, सातबारा एक, भेगा तेवढ्या वेगळ्या. ही तर्कबुद्धी त्याने कुठून आणली होती देव जाणे. मतदान झालं. ए विंगची डोकी जास्त, आणि बी विंगवाल्यांना वाटलं आपल्यापर्यंत कशाला येतंय. ठराव पडला. वर चेअरमन मला दारात गाठून म्हणाला, "सोसायटीचं नाव खराब करू नका, बाय. उद्या फ्लॅट कोन घेईल?"

मी म्हटलं, "उद्या फ्लॅट असेल का, ते आधी बघा."

सासूबाई पावसाळा संपता संपता गेल्या. भूकंपाने नाही, कशाने नाही. सकाळी चहा घेतला, थोडा डोळा लागला आणि तशाच गेल्या. मी हाक मारायला गेले तेव्हा हात गार पडला होता.

नवरा दुपारपर्यंत वापीहून आला. सोसायटीची माणसं जमली. आमच्या लिफ्टमध्ये तिरडी मावत नाही, कुठल्याच सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावत नसावी. चार मजले जिन्याने न्यायचं. नवऱ्याच्या हातात मडकं, तो पुढे. खांद्याला माणसं हवी होती, आणि चौथ्या मजल्यावर सगळ्यांच्या आधी चढून आलेला माणूस चेअरमन होता.

मी त्याला दारात पाहिलं तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहिते. या बाईला जिवंतपणी खाली न्यायची पाळी आली असती तर तू कंपाउंडमध्ये उभा राहून हसला असतास. आता कशाला आलास? हात लावू नकोस तिला. हे सगळं माझ्या ओठांवर होतं. पण मयताच्या घरात बाई ओरडली तर लोक म्हणतात दुःखाने ओरडतेय, आणि मला दुःखाने ओरडायचं नव्हतं. मी दारातून बाजूला झाले. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्या दिवशी खाली लांब पँट होती.

त्याने पुढची बाजू घेतली. त्याच्या गावात खांदा कोणी कसा द्यायचा हे मोठी माणसं ठरवतात, आणि इथे मोठा तोच होता. तिरडी उचलली. आमचा जिना अरुंद, वळणाचा. पहिल्या टप्प्यालाच तिरडी एका अंगाला झुकली आणि मागच्या माणसाचा पाय अडखळला.

"थांबा!" चेअरमनचा आवाज सबंध जिन्यात घुमला. "खाडीकडचे वर उचला. जिना कललाय तिकडं. बिल्डिंगच कललीय, संभालून. खाडीकडच्यांनी खांदा वर धरा."

खाडीकडच्यांनी खांदा वर धरला. तिरडी सरळ झाली. वळण आलं तशी बाजू बदलली, आणि तो पुन्हा म्हणाला, "आता तुमी खाडीकडं आलात. तुमी वर घ्या." प्रत्येक वळणावर. न बघता. कुठल्या पायरीला किती झोल आहे ते त्याच्या पायांना पाठ असल्यासारखं. मजल्यामजल्यावर दारांपाशी माणसं उभी होती, ए विंगची, बी विंगची, आमची. सगळ्यांनी ऐकलं. ओळंब्यावर, लाटण्यावर, माझ्यावर हसलेल्या सगळ्या माणसांनी ऐकलं. कोणी एकमेकांकडे पाहिलं नाही. मयताच्या मागे असं पाहत नाहीत.

खाली पार्किंगमध्ये तिरडी टेकवली, त्या रेघा पडलेल्या खांबांच्या मध्ये. शेवटचं दर्शन घ्यायला लोक पुढे आले. तेव्हा तो मान वर करून खांबांकडे बघत उभा होता. मग त्याच्या लक्षात आलं की आम्ही सगळे त्याच्याकडे बघतोय. आपण काय बोलून बसलो ते त्याला त्या क्षणी कळलं असावं. तोंड उघडून त्याने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. पण नवऱ्याने मडकं उचललं, आणि तिरडी पुन्हा खांद्यावर घ्यावी लागली.

नंतरच्या सभेला तो आला नाही. मी ठराव पुन्हा ठेवला. ए विंगच्या एका निवृत्त गृहस्थांनी विचारलं, "पण इमारत कललीच आहे हे सिद्ध झालंय का?" बी विंगमधून कोणीतरी म्हणालं, "चेअरमनदादांनीच जिन्यात सांगितलं की." त्यावर चर्चा झाली नाही. खर्च सगळ्यांचा, असा ठराव झाला. चेअरमनने चिठ्ठी पाठवून पद सोडलं, आणि काम सुरू व्हायच्या आधी बायकोला घेऊन गावातल्या जुन्या घरी राहायला गेला. फ्लॅट मुलांकडे आहेत. आत्या अजून येते, सासूबाईंच्या रिकाम्या पलंगापाशी बसते आणि माझ्याशी बोलते. त्याच्याबद्दल मी विचारत नाही.

आता खांब जाडजूड झाले आहेत, पार्किंगमध्ये भिंती आल्या आहेत. लोक म्हणतात, जागा अडली. म्हणोत. ज्या बाईसाठी मी हे मागत होते तिला त्याचा उपयोग झाला नाही, आणि ठराव पास झाला तोही तिच्याच तिरडीपायी. याबद्दल मी त्या माणसाला माफ केलेलं नाही. करायची इच्छाही नाही. पक्षाघात झाल्यापासून सासूबाईंना जरा हलवलं तरी दुखायचं, कूस बदलताना त्या कण्हायच्या. त्या कललेल्या जिन्यावरून, सगळी वळणं घेत, त्याने त्यांना चौथ्या मजल्यावरून खाली आणलं आणि एकदाही हिसका बसू दिला नाही. मी मागून बघत होते. एकदाही नाही. मला त्याचाही राग येतो.